वरचा लिमिट

कागदावर तीन सह्या झाल्या होत्या. चौथी राहिली होती ती भूपाल मगदूमची.

"अण्णा, वाचत काय बसलायसा?" फौंड्रीचे मॅनेजर इंगवले साहेब म्हणाले. "लेकीचंच काम आहे. बापानं अडवलं तर लोक हसतील."

"अडवत नाही साहेब. चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्याच्या खिशातच होता. इंगवल्यांना तो दिसतही होता. पण खंडेनवमी होऊन दोन आठवडेच झाले होते, दिवाळीच्या आधीचं काम अंगावर होतं आणि एका इलेक्ट्रिशियनशी वाद घालायला त्यांना वेळ नव्हता. "उद्या दुपारपर्यंत द्या. परवा मुंबईहून मंजुरी द्यायला कमिटी येणार आहे," एवढं बोलून ते गेले.

कागद साधा होता. लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची बादली, उचलणाऱ्या मोठ्या क्रेनच्या वरच्या लिमिट स्विचची दर महिन्याची हाताने तपासणी बंद. यापुढे ती 'सावली' करेल. माणसाने पाच वर्षांतून एकदा चढून पाहिलं तरी पुरे.

भूपाल सत्तावन्न वर्षांचा होता. त्यातली एकतीस वर्षं तो याच फौंड्रीच्या देखभाल खात्यात होता. लिमिट स्विच म्हणजे तळहाताएवढी एक डबी असते. तिला एक दांडी, दांडीच्या टोकाला छोटं चाक. क्रेनचा हुक वर चढत चढत फार वर गेला की चाकाला धडकतो, दांडी वळते, आतला संपर्क तुटतो आणि मोटर थांबते. हा स्विच नसता तर हुक दोर गुंडाळणाऱ्या ड्रमवर जाऊन आदळला असता, तो तारेचा दोर, म्हणजे वायर रोप, तुटला असता आणि लॅडलमधला वितळलेल्या लोखंडाचा तीन टन रस खालच्या माणसांवर आला असता.

या स्विचची एक खोड आहे. त्यातून वीज कायम वाहत असते. वायर तुटली, स्क्रू ढिला झाला, तर वीज थांबते आणि क्रेनही थांबते. हे चांगलं. पण दांडीच अडकून बसली तर वीज वाहतच राहते. पॅनेलवर हिरवा दिवा तसाच जळत राहतो. दिव्याकडे बघून काही कळत नाही. कळायला दांडी ढकलावी लागते.

म्हणून पूर्वी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला रिकामा हुक अगदी हळू वर नेत आणि लिमिटला लावून बघत. खाली कोणाला उभं राहू देत नसत. याला सगळे 'लिमिट मारणं' म्हणत. लिमिट मारल्याशिवाय भट्टीवाले लॅडलला हात लावत नसत.

चार वर्षांपूर्वी सावली ही संगणक प्रणाली आली. मोटर किती वीज घेते, गिअरबॉक्स कसा आवाज करतो, ड्रम किती फिरला, हे सगळं ती सेकंदाला हजार वेळा मोजते. त्यावरून क्रेनची हुबेहूब नक्कल संगणकात चालवते आणि ती नक्कल खऱ्या क्रेनच्या दहा सेकंद पुढे असते. माणसाची सावली कधी पुढे पडते तशी. नकलेतला हुक जास्त वर गेला, की खरा हुक दहा सेकंद आधीच मंदावतो आणि लिमिटच्या एक मीटर खाली थांबतो. सावली आल्यापासून त्या क्रेनचा लिमिट एकदाही धडकला नव्हता. मग रोज तो मारायची गरज काय, म्हणून ते बंद झालं. उरलं ते भूपालचं महिन्यातून एकदा शिडी चढून जाणं. ते या कागदाने संपणार होतं.

सावलीला ड्रमचे फेरे कळतात, हुक दिसत नाही. उद्या रोप बदलताना कोणी पाच-सहा हात तोकडा भरला आणि तिला सांगायला विसरलं, तर तिचा हिशेब चुकणार. तेव्हा मध्ये उभा राहायला तो एक स्विचच असतो. हे भूपालला माहीत होतं. ज्यांनी सावली बनवली त्यांनाही माहीत होतं. त्यात त्याची मुलगी होती.

सन्मती पुण्याहून तीन दिवसांसाठी आली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही मगदुमांच्या घरची रीत. आई गेल्यावर आप्पा कधीही, उभ्याने, सकाळचं काहीतरी खातात हे तिला शेजारच्या काकूंकडून कळलं होतं. म्हणून तिने पाचलाच मुगाची आमटी केली आणि दोन ताटं मांडली.

"सही केलीत?"

"करतो उद्या."

"उद्या कशाला आता?"

"किती ठिकाणी लागू होणार हे?"

"पहिल्यांदा चाळीस क्रेन. आपल्या पट्ट्यातल्या आणि जालन्याकडच्या. मग पुढं बघतील."

"सगळ्यांचे लिमिट बघून झाले?"

"सावलीनं बघितलेत."

"तिला लिमिट दिसतो?"

सन्मती भाकरी मोडता मोडता थांबली. "थेट नाही दिसत. दांडीवर सेन्सर बसवायचा तर खर्च आहे, आणि तोही उद्या बिघडणार. वीज वाहते म्हणजे वायर नीट आहे, एवढं कळतं. दांडीचं ती नोंदींवरून शिकते. कुठल्या क्रेनचा लिमिट किती दिवस न वापरता राहिला, आणि मग तो हलवल्यावर हलला का. चार वर्षांच्या नोंदी दिल्या की ती अंदाज बांधते."

"कुणाच्या नोंदी?"

"तुमच्याच की." ती हसली. "बाकीच्यांच्या आम्ही धरल्याच नाहीत. बारा महिन्यांच्या नोंदी एकाच दिवशी, मिनिटामिनिटाच्या अंतरानं भरलेल्या. तुमची प्रत्येक नोंद महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आठ ते साडेआठच्या मध्ये. कमिटीवाल्यांनी विचारलं, हीच फौंड्री खरी कशावरून? मी म्हटलं, तो माणूस मला माहीत आहे. माझ्या बारशाच्या दिवशी सुद्धा आधी लिमिट बघून मग घरी आलाय."

भूपालने घास तोंडात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहिला.

"आमटी खारट झालीय काय?"

"नाही. बरोबर आहे."

त्याची बायको रत्नप्रभा फेब्रुवारीत गेली. सबंध थंडीभर ती बरी नव्हती. तो कामावरून येऊन दारात बूट काढता काढता विचारायचा, "बरी आहेस नव्हं?" आणि ती आतून म्हणायची, "बरी आहे." मग तो हातपाय धुवायला जायचा. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तीन महिने तरी झाले असतील हे सुरू होऊन.

मार्चच्या पहिल्या सोमवारी तो शिडीपाशी गेला होता. चार पायऱ्या चढला आणि उतरला. गुडघे दुखत होते, पण ते तर दहा वर्षं दुखतच होते. वर जाऊन एखाद्या वस्तूला विचारायचं की तू ठीक आहेस का, आणि ती काय सांगते त्याची वाट बघायची, एवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. तो स्टोअरमध्ये जाऊन बसला आणि टॅबवर लिहिलं, 'हलवून पाहिला. ठीक.' पुढच्या महिन्यातही तेच. ऑक्टोबर धरून आठ वेळा. दर वेळी सोमवारी, आठ ते साडेआठच्या मध्ये. तेवढी सवय मात्र सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुलूप घेऊन क्रेनपाशी आला. दस्तगीर मुजावर केबिनच्या शिडीखाली चहा पीत उभा होता. ही क्रेन त्याने बावीस वर्षं चालवली होती. त्या कागदावर सही झाली की सावलीच्या भरवशावर त्याची केबिन बंद होणार होती. त्याने खाली, रिमोट हातात धरून, लॅडलच्या बरोबरीने चालायचं होतं.

"काय अण्णा, आज सोमवार न्हाई," दस्तगीर म्हणाला.

"तुला ठाऊक आहे तर."

"सोमवारी तुमी स्टोअरात चहा पिता, एवढं ठाऊक हाय." त्याने कप विसळला. "मी कुटं बोललोय कुणाला. भाभी गेल्यापासनं माणूस खाली मान घालून जातंय येतंय. म्हटलं, चढंल आपल्या मनानं."

"आणि तरी तू तोच हुक चालवत होतास?"

"मी वर केबिनीत असतो की. खाली भट्टीची पोरं."

भूपालने मेन स्विच बंद केला, त्याला आपलं कुलूप लावलं, 'माणूस वर आहे' ही पाटी अडकवली, किल्ली खिशात टाकली. दस्तगीरला केबिनमध्ये जाऊन एकदा बटण दाबायला सांगितलं. क्रेन हलली नाही. मग कमरेला पट्टा बांधून तो चढायला लागला.

वर पोचायला त्याला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. क्रेन नवीकोरी दिसत होती. खंडेनवमीच्या पूजेसाठी दरवर्षी सगळी मशिनं रंगवतात तशी ती यंदाही रंगवली होती, झेंडूसारखी पिवळीधमक. हुकाच्या वर नारळ फोडल्याची खूण होती, कुंकू होतं. लिमिट स्विचही पिवळा होता. डबी, दांडी, चाक, सगळं एकाच हाताने, एकाच फवाऱ्याने.

त्याला आठवलं. दरवर्षी रंगारी यायच्या आदल्या दिवशी तो वर येऊन स्विचला प्लास्टिकची पिशवी बांधायचा. रंगाऱ्याला दम द्यायचा. तरी काही उडालंच तर नंतर थिनरच्या फडक्याने पुसून काढायचा. यंदा कोणी पिशवी बांधली नाही. रंगाऱ्याचा काय दोष. त्याने देवाचं काम म्हणून कोपरा न् कोपरा मन लावून रंगवला होता.

भूपालने दांडी अंगठ्याने ढकलली. ती हलली नाही. तळहाताने ढकलली. मग पट्टा नीट बसलाय का बघून दोन्ही हातांनी रेटली. आठ महिन्यांची वाळूची बारीक धूळ, सुकलेलं ग्रीस आणि वरून रंग, त्यावर भट्टीची धग. दांडी डबीला चिकटून एकच वस्तू झाली होती.

खिशात स्क्रूड्रायव्हर होता. सांध्यातला रंग कापायचा, थिनरने धुवायचं, दोन थेंब तेल, दहा वेळा हलवायचं. झाकण उघडून आतले संपर्क कोरड्या कापडाने पुसायचे. पॉलिश पेपर लावायचा नाही, त्याने वरचा थर जातो. रबराची सील बघायची. वीस मिनिटांचं काम. मग खाली उतरून 'हलवून पाहिला. ठीक.' असं लिहिलं तर ते खरंच असतं. सही करता आली असती. सन्मती उद्या कमिटीपुढे ताठ मानेने उभी राहिली असती.

त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्याला लावलंसुद्धा.

पण खंडेनवमी काही एका फौंड्रीत नसते. चाळीस क्रेन. चाळीसही ठिकाणी रंगारी आले असणार. तिथे पिशव्या बांधणारं कोण होतं, होतं की नव्हतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आता कोणी चढून बघणारही नव्हतं. कारण सावली सांगत होती की लिमिट न वापरता राहिले तरी ठीक राहतात. हे तिला त्याने शिकवलं होतं, आठ सोमवार.

त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि फोन लावला.

"सन्मती, फौंड्रीत ये. क्रेनवर यायचंय. बूट घालून ये."

ती अर्ध्या तासात आली. पुण्यात गेल्यापासून ती 'मी येते, मी जाते' म्हणायला शिकली होती. आज खालून ओरडली ते गावच्या बायका 'येतो, जातो' म्हणतात तसं. "आप्पा, काय झालंय? मी वर येतो, थांबा तिथंच."

"पट्टा बांध आधी. दस्तगीर, तिला पट्टा दे."

ती चढून आली. त्याने दांडीकडे बोट केलं. "ढकल."

तिने ढकलली. परत ढकलली. मग हात मागे घेऊन बोटाला रंग लागलाय का ते पाहिलं. रंग लागला नव्हता, तो केव्हाच वाळला होता.

"हे दोन आठवड्यांतलं आहे," ती म्हणाली. "खंडेनवमीचा रंग. या महिन्याची तपासणी त्याच्या आधी झाली असणार."

"नंतर होती. रंग शुक्रवारी झाला, सोमवारी मी नोंद केली."

"मग तेव्हा हलला होता?"

"मी वर आलो नव्हतो."

"या वेळी?"

"तुझी आई गेल्यापासून एकदाही नाही."

खाली कोणीतरी साचा फोडत होतं. तो आवाज थांबल्यावर सन्मतीने विचारलं,

"मला काल का नाही सांगितलं? जेवताना?"

"तू त्या माणसाबद्दल बोलत होतीस. मला वाटलं, तो असेल कुठंतरी अजून. सकाळी वर येऊन बघावा."

सन्मती क्रेनच्या जाळीवर बसली. तिचे डोळे कोरडे होते. "खरवडून टाकू," ती हळू म्हणाली. "आत्ता. कुणी बघितलं नाही. मी नंतर, मीटिंग झाल्यावर, तुमच्या नोंदींचं वजन सावलीच्या हिशेबात कमी करतो. हळूहळू दुरुस्त करतो."

"हळूहळू म्हणजे किती दिवस?"

"सहा महिने."

"तोवर चाळीस ठिकाणी खाली पोरं उभी राहणार."

"माझं काय होणार ते माहीत आहे का तुम्हाला? चार वर्षं आप्पा. चार वर्षं मी एक रविवार घेतला नाही. आईला बघायला आलो नाही नीट."

"तुझं नाव मी काढत नाही. मी खोटं लिहिलं एवढंच लिहून देतो."

"नाव माझंच आहे त्यात. त्यांनी विचारलं तेव्हा मीच म्हटलं ना, तो माणूस मला माहीत आहे."

भूपाल तिच्या शेजारी बसला. बसताना गुडघा वाजला. सन्मतीने फोन काढला, दांडीचे, सांध्याचे, डबीचे फोटो घेतले, आणि शेवटचा एक, स्वतःचा अंगठा दांडीवर रेटून धरलेला. मग ती त्याच्याशी न बोलता उतरली.

भूपाल उतरला तेव्हा इंगवले साहेब सन्मतीने दाखवलेले फोटो बघत शिडीखालीच उभे होते. "एवढंच ना? खरवडा की मग. पाच मिनिटांचं काम. त्याला एवढा तमाशा?"

"खरवडतो साहेब. पण आधी नोंद होणार, मग खरवडणार."

"बरं, मग कमिटीला चालवून दाखवू. हुक वर न्यायचा, सावली थांबवेल. बघतील."

"मेलेल्या लिमिटवर हुक वर नेत नाहीत. माझं कुलूप आहे मेनवर. मी काढत नाही."

"अण्णा, तुमचं एक वर्ष राहिलंय."

"त्यातलं आठ महिने काम मी कुठं केलंय, तसं बघितलं तर."

इंगवले गेले. भूपाल स्टोअरमध्ये बसला, टॅब उघडला आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं. 'मार्च ते ऑक्टोबर या महिन्यांत मी वर चढलो नाही. आठही नोंदी खोट्या आहेत. आज चढलो. दांडी रंगाने घट्ट. लिमिट बंद.' खाली नाव लिहिलं. टॅबने विचारलं, ही माहिती सावलीला पाठवायची का. त्याने 'होय' दाबलं. थोड्या वेळाने ऑफिसातला मुलगा सांगत आला, की सावलीने या क्रेनचा भरवसा अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरून थेट एकतीसवर आणलाय आणि चाळिसांतल्या बाकीच्यांचाही उतरत चाललाय. भूपाल म्हणाला, बरं झालं, आणि थिनरची बाटली शोधायला उठला.

कमिटी आली नाही. कागद बारगळला. नोव्हेंबरच्या शेवटी भूपालला मुदतीआधी निवृत्ती घ्यायला सांगितलं गेलं आणि त्याने ती घेतली. निरोपाच्या दिवशी दस्तगीरने त्याला केबिनमध्ये बसवलं आणि रिकामा हुक हळू वर नेऊन लिमिट मारून दाखवला. मग म्हणाला, "रोज मारतोय आता. साहेबांनी न्हाई म्हटलं तरी."

सन्मतीने क्रेनवरच्या त्या दिवसानंतर फोन केला नव्हता. तोही करत नव्हता. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. तो सकाळी उठून चहा करायचा, तो प्यायचा राहायचा, मग बाराला परत गरम करायचा. निवृत्तीनंतरचे असे चाळीसेक दिवस गेले.

जानेवारीत एका दुपारी तिचा फोन आला. मागे पंख्याचा घरघराट होता.

"आप्पा, जालन्यात आहे. एका मिलच्या क्रेनवर."

"वर?"

"वर. इथली दांडी हलत नाही. रंग नाही. कुंभारमाशीनं घर केलंय, चिखलाचं, बरोबर सांध्यात. काढू कसं?"

"मेन बंद आहे?"

"बंद आहे. माझंच कुलूप आहे."

"चिखल ओला करू नकोस, आत उतरेल. लाकडाच्या काडीनं कोरून काढ. मग झाकण उघड, आत कण गेलेत का बघ."

बराच वेळ नुसतं खरवडल्याचा आवाज येत राहिला. तो कानाला फोन धरून खुर्चीत बसून राहिला.

"निघालं," ती म्हणाली. "हा नववा, आप्पा. नवातले चार बंद होते. कंपनीनं मला काढलं नाही. म्हणाले, तूच आकडे बिघडवलेस, तूच फिरून खरे गोळा कर. उन्हाळ्यापर्यंत मुदत आहे. गाडी दिली नाही, माणूस दिला नाही."

"एकटीच फिरतेस?"

"एकटीच. काल नागेवाडीच्या पुढच्या कारखान्यात मी वर होतो आणि एक हमाल हुकाखाली येऊन बिडी पीत बसला. खालून सगळे हसत होते, कुणी त्याला उठवलं नाही." मग झाकण बसवल्याचा आवाज आला. "तुमचे गुडघे माहीत आहेत मला. चढायचं मी. तुम्ही फक्त खाली उभं राहायचं. कुणाला हुकाखाली येऊ द्यायचं नाही. एवढंच."

भूपालने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घरात कोणी वाळवण घालत होतं. त्याला आत्तासुद्धा थकल्यासारखं वाटत होतं, आणि ते बस धरून कमी होणार नव्हतं, हे त्याला कळत होतं.

"तू इतके दिवस बोलत नव्हतीस," तो म्हणाला.

"अजून राग आहे. तो आहेच. पण खाली माणूस पाहिजे."

"जालन्याला एसटी किती वाजता आहे?"